आरशांच्या घरातली पसंती

आमच्या नाहूरच्या इमारतीत नवी लिफ्ट बसवली, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत आरसे लावले. सोसायटीतल्या बायकांना ते फार आवडले. मला मात्र पहिल्या दिवशी धसकाच बसला. हातात मेथीची जुडी आणि दुधाची पिशवी घेऊन मी आत शिरले, तर उजवीकडे माझ्यासारख्या म्हाताऱ्यांची रांग आणि डावीकडे तशीच दुसरी रांग. प्रत्येकीच्या हातात मेथी, प्रत्येकीचा चष्मा नाकावर घसरलेला. एकीचं तोंड, तिच्यामागे एकीची पाठ, पुन्हा तोंड, पुन्हा पाठ, आणि लांब जाता जाता सगळ्याजणी हिरवट, अंधूक होत गेलेल्या. वरच्या मजल्यावरची एक तरुण मुलगी शेजारी उभी होती. तिने कानातलं गाणी ऐकायचं बोंडूक काढून विचारलं, "आंटी, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "बरं वाटतंय गं, जरा माहेरी जाऊन आले." तिने बोंडूक पुन्हा कानात घातलं. तिची काही चूक नाही, आमचं माहेर तिने पाहिलं नव्हतं.

माझं माहेर घाटकोपरला, डोंगराच्या उतारावरच्या बैठ्या चाळीत. एकीमागे एक अशा दोन खोल्या. पुढच्या खोलीला दार आणि खिडकी होती. मागची खोली म्हणजे स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागे थेट डोंगराचा खडक, त्यामुळे तिथे उजेड यायचा तो मधल्या दारातून चुकून आलाच तर. आजोबा गिरणीत होते. बाबा साकीनाक्याला आरशांच्या एका छोट्या कारखान्यात लागले. काच धुवायची, लख्ख पुसायची, तिच्यावर चांदीचं पाणी ओतायचं, ते बसलं की मागून शेंदरी रंग मारायचा, असं ते काम. त्या पाण्याने बाबांच्या बोटांची टोकं कायमची काळी झाली होती. लिंबू, चिंच, राख, सगळं करून झालं, काही फरक पडला नाही. जेवताना पांढऱ्या भातात ती काळी बोटं फिरायची आणि चाळीत नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, हा माणूस हात धुवत नाही की काय.

एकदा बाबा कारखान्यातून एक मोठा आरसा घेऊन आले. एका कोपऱ्यात चांदीवर डाग पडलेला, म्हणून मालकाने बाजूला काढलेला. तो त्यांनी दारासमोरच्या भिंतीवर असा तिरका टांगला, की दारातला उजेड त्याच्यावर पडून मधल्या दारातून आत जावा. आत त्यांनी दुसरा आरसा लावला. पहिल्याने पाठवलेला उजेड त्याने पकडला आणि आईच्या ओट्यावर टाकला. त्या दिवशी आईने दिवा न लावता तांदूळ निवडले. शेजारणी मुद्दाम बघायला आल्या आणि बाबांना चटकच लागली. डागाळलेला, टवका उडालेला, कडेने वाकडा कापलेला जो आरसा कारखान्यात नको होई, तो आमच्या भिंतीवर येई. घड्याळाशेजारी एक, मोरीच्या वर एक, देवाच्या फळीखाली एक. रोज सकाळी एक चिमणी येऊन दारासमोरच्या आरशातल्या चिमणीशी भांडत बसायची आणि आई स्टोव्हला पंप मारता मारता तिला ओरडायची, "अगो बाय, ती तूच आसस!"

अशा घरात राहण्याची एक रीत आपोआप तयार होते. आम्ही एकमेकांशी आरशातून बोलायचो. आई ओट्याकडे तोंड करून खोवणीवर नारळ खोवत असायची, तिची पाठ आमच्याकडे, आणि तरी "कुंदे, पुस्तकाखाली काय लपवलंस?" असं बरोबर विचारायची. एका आरशातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात तिला सगळं घर दिसायचं. फुटलेली कपबशी लपवायची सोय नव्हती. सगळ्यात वाईट म्हणजे एकट्याने रडायची सोय नव्हती. मोरीचा पडदा ओढून रडावं, तर वरच्या आरशात तुमचं डोकं हलताना दिसायचं आणि कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन यायचं. लहानपणी मला या गोष्टीचा भयंकर संताप यायचा. आता या बंद दाराच्या फ्लॅटमध्ये कधी कधी वाटतं, तो तांब्या बरा होता.

पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात लोखंडी कपाट होतं. त्याच्या दाराला आरसा होता आणि कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर बाबांनी दुसरा लावलेला. कपाट बंद असलं की दोन्ही आरसे काटकोनात. आपण कपाटाचं दार जसजसं भिंतीकडे उघडत न्यावं, तसतसा मधला कोन लहान व्हायचा. नववीत आम्हाला आरशांचा धडा होता. तीनशे साठला कोनाने भागायचं, एक वजा करायचं, की प्रतिमांची संख्या मिळते, असं बाईंनी फळ्यावर लिहिलं. वर्गात सगळ्यांनी ते पाठ केलं. मी घरी येऊन बेसनाचा लाडू दोन आरशांच्या मध्ये स्टुलावर ठेवला. काटकोनात आरशातले लाडू तीन. दार आणखी ओढलं, पाच झाले. आणखी ओढलं, सात. दार पूर्ण उघडून दोन्ही आरसे समोरासमोर आले, तेव्हा लाडवांची रांग संपेचना. एका आरशातला लाडू दुसरा आरसा खराच समजतो आणि त्याचीही प्रतिमा काढतो, मग तिची पहिला काढतो, आणि हे असं चालूच राहतं, हे मला तेव्हा खरं कळलं. माझी थोरली बहीण सुलभा, आमची ताई, हे सगळं बघत उभी होती. ती म्हणाली, "तुझं गणित होईपर्यंत मी खरा खाऊन टाकला असता." आणि तिने खरा उचलला. आरशातले सगळे लाडू एकदम गेले. बाबा कॉटवर बसून हसले. मी त्यांना विचारलं, लांबचे लाडू काळपट का दिसतात? ते म्हणाले, "आरसो फुकट काम करणा नाय गे. दरवेळेक थोडो उजेड आपल्याकडे ठेवता."

काटकोनातल्या तीन प्रतिमांमधली मधली वेगळी असते. नेहमीच्या आरशात आपलं डावं-उजवं बदललेलं दिसतं. मधलीत दोनदा बदलून पुन्हा सरळ होतं. म्हणजे जग आपल्याला जसं बघतं तसे आपण फक्त तिथे दिसतो. मी मोठ्या उत्साहाने ताईला कपाटासमोर उभं केलं. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही कोण? हिचा भांग चुकीच्या बाजूला आहे. नाकपण वाकडं आहे." मी म्हटलं, "हीच तू. लोकांना तू अशीच दिसतेस." तिचं हसू गेलं. "म्हणजे त्या सगळ्यांनी हिला बघितलं?" तिने विचारलं.

ते सगळे म्हणजे तिला बघायला येऊन गेलेले. त्या वर्षी ताईला दाखवण्याचा सपाटाच चालला होता, आणि तो चालवणारी होती आमची कुर्ल्याची आत्या, बाबांची मोठी बहीण. आत्या आली की घरातले सगळे आरसे तिच्या जरीकाठाने भरून जायचे. तिच्या शब्दापुढे बाबा बोलत नसत, कारण त्यांना लहानपणी तिनेच वाढवलं होतं. कार्यक्रमाचे नियम तिचे होते. मुलीने चहाचा ट्रे घेऊन यायचं, नमस्कार करायचा, विचारलं तेवढं सांगायचं, आणि मान वर करायची नाही. ताई हे नियम इतके कसोशीने पाळायची, की तिला बघायला आलेल्या मुलांपैकी एकाचंही तोंड तिला ठाऊक नव्हतं. ती मला नंतर सांगायची, "आजचे मोजे बरे होते." कुणाच्या मोज्याला भोक, कुणाच्या पायाची नखं वाढलेली. मग चार दिवसांनी निरोप यायचा, रंग सावळा आहे, उंची जास्त वाटते. ताई मोरीत जायची आणि मी वरच्या आरशाकडे बघायचं टाळायचे.

ताईच्या मनात वेगळंच होतं. तिला नर्स व्हायचं होतं. एका मोठ्या इस्पितळात नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती, तिथेच वसतिगृहात राहायचं होतं आणि पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं. आत्याला कळलं तेव्हा ती म्हणाली, "लग्न करून घे, मग सासरच्यांनी पाठवली तर जा. कोण आडवतासा?" सासरचे पाठवणार नाहीत हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही. आई कधी इकडे, कधी तिकडे. बाबा गप्प. अशात आत्याने आणखी एक स्थळ काढलं. मुलगा मुलुंडच्या कंपनीत कामाला, नाव महेश, बाप नाही, मामाने वाढवलेला. मामाने आधीच कळवलं होतं, की मुलगी नीटनेटकी असली तर तिथेच नारळ देऊन-घेऊन लग्न ठरवून टाकू, उगाच फेऱ्या नकोत. म्हणजे येत्या रविवारी नारळ हातात पडला की ताईचं नर्सिंग संपलं. तिला कुणी विचारणार नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती.

शनिवारी दुपारी ताई भाकऱ्यांचं पीठ मळता मळता एकदम थांबली आणि म्हणाली, "कुंदे, मला एकदा तोंड बघायचंय. ज्याच्यासाठी सगळं सोडायचं, त्याचं तोंड तरी बघू दे ना यार. पण मान वर न करता." मला आयुष्यात कुणी इतकं मोठं काम दिलं नव्हतं. मी लगेच कामाला लागले. पाहुण्याची खुर्ची खिडकीशी ठेवायची हे ठरलेलं. ताईने स्वयंपाकघरात मधल्या दाराच्या आड उभं राहायचं. तिला थेट काहीच दिसणार नाही, पण भिंतीवरचा आरसा दिसेल. त्यात कपाटाच्या दाराचा आरसा आणि त्यात खुर्ची. मुलाच्या डोक्याच्या जागी आम्ही खुर्चीवर उशा रचून पितळी कळशी ठेवली आणि तिला बाबांची टोपी घातली. मी कपाटाचं दार बोट-बोट सरकवत राहिले आणि ताई आतून सांगत राहिली, "नाही... नाही... थांब, दिसली!" फक्त एक गडबड होती. कोन लहान झाल्यामुळे तिला एक कळशी न दिसता टोपी घातलेल्या कळशांची रांगच दिसत होती, कुणी पुढे, कुणी पाठमोरी. ताई हसून हसून जमिनीवर बसली. "इतक्या मुलांतून निवडायचं तरी कसं?" मी कपाटाच्या दाराखाली पुठ्ठ्याची घडी दाबून ते पक्कं केलं आणि स्वतःवर जाम खूश झाले.

पुढे मी तीस-एक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि दरवर्षी या कळशीची गोष्ट मुलांना सांगितली. "माझं काय चुकलं?" असं मी विचारायचे. हुशार मुलं कोन मोजायला घ्यायची. मग मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "बाई, कळशीला डोळे नव्हते!" बरोबर. खुर्चीवर मी किंवा ताई कुणीतरी बसून बघायला हवं होतं. उजेड ज्या वाटेने येतो, त्याच वाटेने परतही जातो. आरशात मी तुम्हाला दिसत असेन तर तुम्हीही मला दिसता, मध्ये कितीही आरसे असोत. आणि आमचं स्वयंपाकघर तर अंधारात नव्हतंच. ओट्यावर उजेड टाकणारा बाबांचा आरसा आता नेमका ताईच्या तोंडावर उजेड टाकत होता.

रविवारी दुपारी मंडळी आली. मामा, मामी आणि तो मुलगा. मामा आवाजाने मोठे. बसल्या बसल्या त्यांनी सगळीकडे बघून "काय ओ, घर म्हणायचं की सलून?" असा विनोद केला, आणि आत्या त्यावर गरजेपेक्षा जास्त हसली. बाबा कॉटवर भिंतीकडे तोंड करून, अवघडल्यासारखे बसले होते. आईने पोहे परतले होते, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर, आणि बशीच्या कडेला खोबऱ्याची वडी. मी पोहे नेऊन दिले. ताई मधल्या दाराच्या आड उभी राहून आरशात बघत होती.

"दिसला?" मी आत येऊन विचारलं.

"दिसला. चार-पाच जण आहेत," ती कुजबुजली. "बरा आहे गं. पण घाबरलाय. मिरच्या वेचून बाजूला काढतोय."

मीही तिच्या खांद्यावरून बघितलं. आरशात एकाशेजारी एक महेश बसले होते, सगळे मिरच्या काढत होते. तेवढ्यात त्या सगळ्यांनी एकदम मान वर केली आणि त्यांचे चमचे हवेत थांबले.

"अगं, तो बघतोय!" ताई मागे सरकली.

"छे," मी ठासून सांगितलं. "स्वतःचा भांग बघतोय. तू आतल्या खोलीत आहेस, तू कशी दिसशील?"

ताईला माझ्या शास्त्रावर विश्वास होता. ती पुन्हा पुढे झाली, आणि आता निर्धास्त होऊन तिने आत्याची नक्कल केली. हनुवटी वर, ओठ आवळलेले, पदर खांद्यावर ओढून घेतलेला. आरशातले सगळे महेश हसले. त्यांच्यातल्या एकाला ठसका लागला, म्हणजे सगळ्यांनाच लागला, आणि बाहेर खऱ्याच्या ठसक्याचा आवाज आला. मामीने पाठीत धपाटा घातला. ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी सरळ मोरीत जाऊन उभी राहिले. तिच्या लक्षात आलं होतं. त्याला ती दिसत होती, आणि एक नव्हे, चार-पाच ताया दिसत होत्या.

पण ती पळाली नाही. मी मोरीच्या पडद्याआडून, वरच्या आरशात बघत होते. मामा आणि आत्या जागेच्या भावांवर बोलत होते आणि तिकडे महेशने ताईकडे बघून हळूच मान हलवली. नाही, अशी. ताईचा चेहरा उतरला. तिला हे लग्न नकोच होतं, तरीसुद्धा उतरला. आणखी एकाने नाही म्हटलं, आणि तेही तोंडावर, याचं तिला किती वाईट वाटलं ते मला लांबून दिसलं. मग त्याने बशी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात जोडले. छातीवर बोट ठेवलं, मान हलवली, मामांच्या पाठीकडे डोळ्यांनी दाखवलं, आणि पुन्हा हात जोडले. ताई बघत राहिली. तो विनवतोय एवढं तिला कळलं, काय ते नाही.

आत्याची हाक आली, "सुलू, चाय आण गो!" ताई ट्रे घेऊन बाहेर गेली, मान खाली. मी मागोमाग दारात उभी राहिले. तिने त्याच्यासमोर वाकून कप पुढे केला, तेव्हा, असं तिने नंतर मला सांगितलं, तो ओठ न हलवता पुटपुटला, "तुम्ही नाही म्हणा ना प्लीज. माझं दुसरीकडे ठरलंय. मला मामांना बोलता येत नाही." ताईने काही दाखवलं नाही. तिने मामांना कप दिला, मामीला दिला, आत्याला दिला.

मामांनी बशीत चहा ओतून एक घोट घेतला. "आमच्याकडून पसंत आहे," ते म्हणाले. "मुलगा माझ्या शब्दाबाहेर नाही."

"आमचा चेडू तरी शब्दाभायर खंय आसा?" आत्या म्हणाली. "गे वयनी, नारळ हाड."

आई नारळ आणायला वळली. महेश चहाच्या कपात बघत होता, त्याचे कान लाल झाले होते. ताई रिकामा ट्रे छातीशी धरून खोलीच्या मध्ये उभी होती. आणि मग तिने मान वर केली. आमच्या घरात, पाहुण्यांसमोर, आत्या बसलेली असताना, तिने मान वर केली, आणि भिंतीभिंतीवरच्या सगळ्या ताईंनी केली.

"मला पसंत नाही," ती म्हणाली.

आत्या म्हणाली, "तुका कोणी इचारला?" मामांचा आवाज चढला, "पसंत नाही म्हणजे? काय कमी आहे आमच्या पोरात?"

इथे ताईला सगळं सांगून मोकळं होता आलं असतं. तुमच्या भाच्यालाच विचारा, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तो कपात बघत तेच ऐकायची वाट बघत बसला असणार. पण ताई म्हणाली, "मुलात काहीच कमी नाही. चांगला आहे. मला नर्सिंगला जायचंय. म्हणून मी नाही म्हणतेय. मी." तिने मान खाली घातली नाही. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की मी रडायला लागले, आणि ते अर्थातच सगळ्यांना सगळीकडून दिसलं.

"वामन!" आत्या बाबांवर कडाडली. "गप काय बसलंस? बोल कायतरी!"

बाबा उठले. ते इतका वेळ भिंतीकडे तोंड करून बसले होते, ते काही अवघडल्यामुळे नव्हे. घड्याळाशेजारच्या आरशात त्यांना कपाट दिसत होतं, कपाटात खुर्ची आणि खुर्चीच्या पलीकडे स्वयंपाकघर. घरातला प्रत्येक आरसा त्यांनी स्वतःच्या हाताने टांगला होता. ताईने आत्याची केलेली नक्कल, त्या मुलाचे जोडलेले हात, सगळं त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी महेशकडे एकदा बघितलं. तो पोरगा पांढराफटक पडला. बाबा त्याच्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. आपल्या काळ्या बोटांनी त्यांनी आईच्या हातातला नारळ काढून घेतला आणि कपाटावर ठेवला.

"आक्का, चेडवान सांगल्यान मां?" ते आत्याला म्हणाले. "झाला मग." आणि मामांकडे वळून त्यांनी हात जोडले. "पाव्हण्यांनू, राग मानू नका. चाय घेवा, थंड होता."

बाबा आत्यासमोर बोलल्याची ती पहिली वेळ. मामांनी चहा घेतला नाही. महेशने मात्र शेवटच्या थेंबापर्यंत घेतला, आणि निघताना वाकून आईच्या आणि बाबांच्या पाया पडला. मामी म्हणाली, पोराला संस्कार आहेत, तुमच्याच नशिबात नाही. आत्या तणतणत निघून गेली. दिवाळीपर्यंत ती आमच्याकडे फिरकली नाही. आणि आली तेव्हा तिनेच बातमी आणली, की त्या मुलाने कंपनीतल्याच एका मुलीशी लग्न केलं, मामाला न जुमानता. "बरा झाला आपण नाय म्हटला," असं ती वर म्हणाली, जणू नाही तिनेच म्हटलं होतं.

ताई पुढच्या महिन्यात वसतिगृहात राहायला गेली. नर्स झाली, मग सिस्टर-इन-चार्ज झाली, आणि पुढे तिने स्वतः बघून, तोंड नीट निरखून लग्न केलं. आता बोरिवलीला असते, गुडघ्यांची तक्रार करते. तिच्या नातीसाठी सध्या स्थळं बघताहेत. मुलगी फोनवर मुलांशी बोलते, तेव्हा स्वतःचा कॅमेरा बंद ठेवते. म्हणजे तिला तो दिसतो, त्याला ती दिसत नाही. ताई मला म्हणाली, "कुंदे, तुला हे तेव्हा का नाही जमलं गं?" मी म्हटलं, "आरशाला बटण नव्हतं." खरं सांगायचं तर मला ते जमलं नाही हे फार बरं झालं. तो मुलगा तिला नुसता दिसला असता आणि त्याला ती दिसली नसती, तर बिचारीने त्याला बरा म्हणून नारळ घेतला असता.

पण त्या रविवारचं सगळं अजून सांगून झालं नाही. पाहुणे गेल्यावर आम्ही चौघं जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी, उरलेले पोहे. ताईला भूक लागली होती, ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवत होती. आई वाढता वाढता थांबली आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, "माका कोणी इचारूक नाय हां. माका तर ह्यांचे पायच दिसले होते." ती रागाने बोलली नव्हती. तिला ते आजच सुचलं होतं. बाबांचा घास हातात राहिला. तो ताटात ठेवून ते म्हणाले, "आता इचारतंय. मी पसंत आसंय काय तुका?"

ताईने मला कोपराने ढोसलं. आईने भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावला, सावकाश खाल्ला. "इतक्या वर्षांनी इचारलात," ती म्हणाली. "माका इचार करूक येळ नको? फाल्या सांगतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी डबा घेतला, चपला घातल्या आणि दारात उभे राहिले. निघेनात. आई ओट्याशी भांडी घासत होती. त्या दोघांच्या मध्ये दोन आरसे होते. ती त्यांना दिसत होती आणि ते तिला, पण ती भांडी घासतच राहिली. खालून साकीनाक्याच्या बसचा आवाज आला, बस थांबली, सुटली. बाबा जन्मात कधी उशिरा कामाला गेले नव्हते. ते तसेच उभे. ताई आणि मी अंथरुणात उठून बसलो. शेवटी आईने नळ बंद केला, पदराला हात पुसले, आणि स्वयंपाकघरातून बाहेर येऊन थेट दारापर्यंत गेली. बाबांच्या तोंडाकडे ती नीट, मान वर करून, बघत राहिली.

"पसंत आसात," ती म्हणाली. "जावा आता."